अठ्ठावीस चिंचोके

महादेवराव झाडे गुरुजींच्या हातून शाळेत दाखल झालेली निम्मी माणसं आजही एक जुलैला म्हातारी होतात. त्याचं असं झालं, की समुद्रपूरच्या पलीकडच्या ज्या लहानशा गावात गुरुजींनी तीस वर्षं मास्तरकी केली, तिथल्या आयांना लेकरांच्या जन्माची तारीख सांगता येत नसे. कुणी म्हणे कपाशीला बोंडं धरली होती, कुणी म्हणे नाल्याला पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पूर चालत नाही, तारीख लागते. मग गुरुजी पेन उचलत आणि एक जुलै लिहून मोकळे होत.

एवढी एक गोष्ट सोडली तर माणूस भलता काटेकोर. उत्तर बरोबर आलं पण मधली एक पायरी गाळली तर सरळ शून्य. अर्धा मार्क नावाची चीज त्यांनी कधी कुणाला दिली नाही. शाबासकीही त्यांच्या तोंडात नव्हती. गणित सुटलं की वहीवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची आणि म्हणायचं, “पटलं.” बस, एवढंच. पण त्या एका शब्दासाठी पोरं जीव टाकत, आणि सगळ्यांत जास्त जीव टाकायची ती त्यांची स्वतःचीच मुलगी, आकांक्षा.

आकांक्षाच्या जन्माची तारीख मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. एकोणीस नोव्हेंबर. त्या दिवशी त्यांच्या शेतात सीतादई होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून नलूबाई घरी आल्या आणि दुपारीच त्यांना कळा सुरू झाल्या. पोरगी पाच वर्षांची झाली तशी बापाच्या सायकलवर बसून रोज शाळेत जायला लागली. मागच्या भिंतीला टेकून ती तेराचा पाढा म्हणायची आणि तिसरीतली पोरं तिच्याकडे आ वासून बघायची. तिला पहिलीत घ्यायचं तर सहा पुरी हवी होती, आणि साडेचार महिने कमी पडत होते. गुरुजी दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या नावापुढेही एक जुलै लिहिलं. दुसऱ्यांच्या लेकरांची तारीख माहीत नव्हती म्हणून लिहिली होती, ही माहीत असून लिहिली. ते त्यांना जन्मभर खुपत राहिलं.

त्याची भरपाई म्हणून की काय, त्यांनी घरात दंडकच घालून दिला की वाढदिवस करायचा तो खऱ्या तारखेलाच. आणि वाढदिवस तरी कसला. केक नाही न मेणबत्ती नाही. पितळी परात घ्यायची, तीत वयाइतके चिंचोके मोजून टाकायचे आणि त्या आकड्यात काय दडलं आहे ते शोधायचं. सहा पुरी झाली त्या दिवशी गुरुजींनी परातीत ओळी मांडल्या. पहिल्या ओळीत एक चिंचोका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. सहाला पुरा भाग जातो तो या तीनच आकड्यांनी, खुद्द सहा सोडून. यांची बेरीज कर म्हणाले. पोरीनं केली. सहाच आली.

हिला परिपूर्ण संख्या म्हणतात, गुरुजींनी सांगितलं. हिचे सगळे भाग गोळा केले की पुन्हा हीच भरते, एक कमी नाही की एक जास्त नाही. सात अशी नाही, आठ नाही, दहा नाही. यानंतरची एकदम अठ्ठावीस. तिचे भाग एक, दोन, चार, सात आणि चौदा.

“अन् त्याच्या नंतर?” आकांक्षानं विचारलं.

“चारशे शहान्नव.”

पोरीनं परातीकडे पाहिलं. तिनं बोटं मोजली नाहीत, काही नाही. “म्हंजे मले आता एकच राह्यली,” ती म्हणाली. गुरुजी त्या वेळी मोठ्यानं हसले होते, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे पाच-पन्नास जणांना तरी कौतुकानं सांगितली.

तेव्हापासून दर वर्षी नियमच झाला. ज्याचा वाढदिवस त्यानं आपल्या आकड्याची एक गोष्ट शोधून सांगायची, आणि गुरुजींनी ती ताडून पाहायची. सात कुणालाच वाटा देत नाही, असं ती सातव्या वर्षी म्हणाली. बारा बढाईखोर आहे, कारण त्याच्या भागांची बेरीज सोळा येते, असल्यापेक्षा चार जास्त. सोळा बिचारा एका मार्कानं नापास, त्याचे भाग पंधराच भरतात. पंचवीस म्हणजे नऊ आणि सोळा, दोन चौरस एका घरात नांदतात. धाकट्या रजतला या खेळाचा कंटाळा होता. तो चिंचोके भाजून खायचा आणि म्हणायचा की माझ्या आकड्याची गोष्ट मी गिळली. आकांक्षा मात्र पुलगावच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली तरी एकोणीस नोव्हेंबरला रजा टाकून बस पकडून अल्लीपूरला हजर व्हायची. गुरुजी निवृत्त होऊन तिथे आपल्या घरी येऊन राहिले होते.

गेल्या खेपेला तिची सत्ताविसाची परात. तीन गुणिले तीन गुणिले तीन, यात काय मोठं, असं म्हणून तिनं ते चुटकीसरशी उरकलं. मग बापाच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, अठ्ठाविसाचं मी आत्ताच शोधून ठेवलं आहे. तुमच्या डोक्यात ते येणार नाही. गुरुजी म्हणाले, त्यात शोधायचं काय, ते तर तुला मीच सांगितलं. ती म्हणाली, ते निराळं, हे निराळं. पुढच्या साली ऐका.

होळीच्या सुमाराला तिला ताप यायला लागला. औषध घेतलं की उतरायचा, पुन्हा चढायचा. एके दिवशी वर्गातच नाकातून रक्त आलं ते थांबेचना. वर्ध्याला तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. पुढच्या तीन महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना कधी कळू नये. जूनच्या शेवटी डॉक्टरांनी गुरुजींना बाहेर बोलावलं. चांगला माणूस होता. घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला, म्हणाला. गुरुजींनी विचारलं, नोव्हेंबर? डॉक्टरनं नाही म्हणून नुसती मान हलवली.

ते गुरुजींनी कुणाला सांगितलं नाही. रजतला नाही, नलूबाईंना नाही, आकांक्षाला तर नाहीच. पोटात ठेवलं आणि घरभर हसतमुखानं वावरू लागले. हसायची सवय नसलेला माणूस हसायला लागला की कसा दिसतो, ते त्यांना कोण सांगणार होतं.

एक जुलैला सकाळी आकांक्षा ओसरीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्याला आईचा जुना रुमाल बांधलेला. गुरुजी चहाचा कप घेऊन आले.

“बाबा, आज एक जुलै आहे. कागदावर त मी आज अठ्ठावीसची झाली,” ती म्हणाली. “मांडता काय चिंचोके?”

गुरुजींनी कप खाटेशी ठेवला. आज चिंचोके मांडायचे म्हणजे नोव्हेंबर येणार नाही हे आपल्या तोंडानं कबूल करायचं. आणि तेही त्या खोट्या तारखेला, जी आपल्याच हातानं लिहिली. त्यांना वाटलं, आपण मांडले नाहीत तर नोव्हेंबरला यावं लागेल. गणिताच्या मास्तराच्या डोक्यात असला विचार येऊ नये, पण आला खरा.

“कागदावरचं कागदावर,” ते म्हणाले. कॉपी करणाऱ्या पोरावर ओरडावं तसा त्यांचा आवाज चढला. “खरी तारीख एकोनीस नोव्हेंबर आहे. साडेचार महिने राह्यले. तवाच मांडू.”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. वही तपासावी तसं, वरपासून खालपर्यंत.

“पटलं,” ती म्हणाली.

गुरुजी पिशवी घेऊन निघाले आणि औषधं आणायला म्हणून हिंगणघाटच्या बसमध्ये बसले. औषधं घरात आठ दिवसांची शिल्लक होती.

ऑगस्टमध्ये तिला बसवेना. गुरुजी खाटेजवळ स्टूल टाकून बसत आणि तिनं शोधलेली ती गोष्ट ओळखायचा प्रयत्न करत. एकापासून सातापर्यंत सगळे आकडे मिळवले की अठ्ठावीस होतात, ते का? ती मान हलवी, नाही. एकाचा घन आणि तिनाचा घन? सत्तावीस आणि एक? तेही नाही. तिला थोडी गंमत वाटायची, ओठ हलायचे. एकदा त्यांना वाटलं, सरळ विचारावं, बाई, सांगून टाक. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण विचारलं असतं तर तोही कबुलीजबाबच झाला असता. त्यांनी विचारलं नाही. पोळा होऊन आठवडा झाला आणि एका दुपारी, नलूबाई तिचे पाय चोळत असताना, आकांक्षा गेली. वय सत्तावीस वर्षं, नऊ महिने आणि काही दिवस. रजिस्टरप्रमाणे अठ्ठावीस.

दिवस झाले, पाहुणे आले आणि गेले. रजत हिंगणघाटला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तोही बायको आणि लहानग्या मुलीला, नंदिनीला, घेऊन परत गेला. मग गुरुजींनी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी काढल्या आणि त्यांवर अठ्ठावीस लिहायला बसले. ती संख्या त्यांनी उभी कापली, आडवी कापली, तिचे वर्ग केले, ती नुसत्या शून्य आणि एकनं लिहून पाहिली. आकांक्षाच्या मोबाइलमध्ये काही सापडतं का म्हणून रजतला दोनदा पाहायला लावलं. काही नव्हतं. जेवताना घास हातात धरून बसून राहायचे. आपण त्या दिवशी परात काढली असती तर ती बोलली असती. एवढं एकच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येई, आणि वाढलेली भाकर ताटात तशीच राहून जाई. तिला “पटलं” ऐकायचं होतं आणि आपण तिच्यावर ओरडलो. हे दुःख कुठं ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. साऱ्या जगाला विचारून झालं, नलूबाईंना मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला संख्येचं काय विचारायचं?

एकोणीस नोव्हेंबर आला. आजूबाजूच्या शेतांत कापूस फुटून पांढरा झाला होता. सकाळी आंघोळ करून गुरुजींनी माळ्यावरून परात काढली, पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पुसली. मग चिंचोक्यांचा बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत सुटे चिंचोके होतेच, पण वर एक पुरचुंडी होती. डोक्याला बांधायचा तो जुना रुमाल, गाठ मारलेला. गुरुजींनी गाठ सोडून चिंचोके मोजले. अठ्ठावीस भरले. पुन्हा मोजले.

नलूबाई दारात उभ्या होत्या.

“हे कोनं मोजून ठेवले?” गुरुजींनी विचारलं.

“आकांक्षानं.”

“कवा?”

“एक जुलैले. तुमी हिंगनघाटले गेलते तवा.”

त्या आत आल्या, परातीच्या पलीकडे मांडी घालून बसल्या आणि एकेक करून सगळं सांगितलं. बस वळणाआड गेली तशी पोरीनं परात मागितली. खाटेवर मांडीशी घेतली. दोन चिंचोके खाली पडले ते नलूबाईंनी उचलून दिले. आपण दोघीच करू म्हणाली. नलूबाई म्हणाल्या, अगं, बाबांना येऊ दे, मी समजावते त्यांना. तर ती नको म्हणाली.

“म्हने, बाबाले नोव्हेंबर पाह्यजे. राहू दे त्याईच्याजवळ.”

गुरुजींना पटकन काही कळलं नाही. मग कळलं. “म्हंजे तिले माहीत होतं?”

“तिले माहीत होतं. मले माहीत होतं. तुमी डॉक्टरजवळून हसत हसत आले ना, तवाच कळलं आमाले.” नलूबाईंनी नाकाला पदर लावला. “तुमी एवढं हसता काय कधी?”

गुरुजी परातीच्या काठावर बोट फिरवत राहिले. शेवटचे दोन महिने ते समजत होते की आपण तिला सांभाळतो आहोत. खाटेवर पडल्या पडल्या तिनंच त्यांना सांभाळलं होतं. ऑगस्टमध्ये ते एकेक उत्तर पुढे करायचे आणि ती मान हलवायची, तेव्हा उत्तर शेजारी पाय चोळत बसलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

“मंग मले आजवर काऊन नाई सांगतलं, नलू?”

“तिनंच सांगतलं होतं, एकोनीस नोव्हेंबरलेच सांगजो. बाबाले खोटी तारीख चालत नाई.”

हे ऐकलं आणि गुरुजी रडले. मसणवटीत रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. नलूबाईंनी त्यांना रडू दिलं. तोंड धुवायला पाणी आणून दिलं, आणि मग परात आपल्याकडे ओढली.

पाठ करून घेतलं होतं म्हणे तिनं. तीनदा म्हणायला लावलं. चुकलं की मास्तरणीसारखी बघायची, अगदी बापावर गेलेली. नलूबाईंनी डोळे मिटून एकदा मनाशी म्हणून पाहिलं आणि मग सुरुवात केली. अठ्ठाविसातले निम्मे, चौदा, त्यांनी मोजून आपल्या ओटीत घेतले. हे आईचे. बाबांना सांगेपर्यंत सगळं एकटीनं ठेवायचं आहे, म्हणून तुला निम्मे, असं ती म्हणाली होती. मग अठ्ठाविसाचा पाव, सात, त्यांनी गुरुजींच्या पुढ्यात ठेवले. सातवा वाटा चार, तो रजतचा, त्याला भाजून खायला. चौदावा वाटा दोन, तो नंदिनीचा. नंदिनीला दोनपर्यंतच मोजता येतं.

“अन् अठ्ठाविसावा वाटा एक. तो तिचा,” नलूबाई म्हणाल्या. “सगळ्याईले भेटलं. काही उरत नाई, काही कमी पडत नाई.”

परातीत एकच चिंचोका राहिला होता.

गुरुजी सवयीनं पायऱ्या तपासू लागले. निम्मे, पाव, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. चौदा, सात, चार, दोन, एक. तेच पाच आकडे, जे त्यांनी सहा वर्षांच्या पोरीला सांगितले होते. त्यांनी ते जन्मभर गोळाच केले. त्याच आकड्यांनी अठ्ठावीस असे पुरे वाटताही येतात, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. हे अठ्ठाविसापुरतंच आहे की काय, म्हणून त्यांनी डब्यातले सहा सुटे चिंचोके घेऊन जमिनीवर पडताळा पाहिला. निम्मे तीन, तिसरा वाटा दोन, सहावा वाटा एक. तिथेही काही उरलं नाही. मग बारा घेऊन पाहिले. निम्मे सहा, तिसरा वाटा चार, चौथा तीन, आणि इथेच चिंचोके संपून एक कमी पडला. सहाव्या आणि बाराव्या वाटेकऱ्याला काहीच नाही. बढाईखोर.

“बरोबर सांगतलं ना मी?” नलूबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. एवढे महिने त्यांनी ते रोज मनात घोकलं होतं, भाकरी थापताना, पोरीचे पाय चोळताना, आणि पाय चोळायला कुणी उरलं नाही त्यानंतरही.

गुरुजींनी त्यांच्या ओटीतले चौदा पाहिले. आपल्यापुढचे सात, रजतचे चार, नंदिनीचे दोन. शेवटी त्यांनी परातीतल्या त्या एकट्या चिंचोक्याकडे पाहिलं. 

“पटलं,” ते म्हणाले.